संपलं म्हणतात, मग माझं का नाही संपलं?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. ३० जानेवारी २०२० ला ती लागू झाली होती. बहुतेकांनी बातमी वाचली आणि पुढच्या बातमीकडे वळले. त्यानंतर महिनाभराने माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एक बाई मात्र ती बातमी वाचून बाथरूमचं दार लावून रडल्या होत्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मला पाठवलेल्या पहिल्या मेसेजमध्ये त्यांनी एवढंच लिहिलं होतं: "संपलं म्हणतात. मग माझं का नाही संपलं? सगळे कधीच कामाला लागले. मी अजून उंबऱ्यातच उभी आहे. माझ्यात काही बिघडलंय का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्या नाहीत. शब्द वेगळे असतात. कुणी म्हणतं, मी माणूसघाणा झालोय. कुणाची मुलगी सांगते, आई हल्ली कुठे यायलाच तयार नसते, तिला आळस म्हणायचा की आजार? म्हणून या बाईंची गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सांगते आहे.

पहिल्या भेटीला त्या नवऱ्याबरोबर आल्या. वय ४६, एका मोठ्या कार्यालयाच्या हिशेब विभागात वीसेक वर्षांची नोकरी. माझ्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. त्यांनी दाराजवळची घेतली आणि तीही थोडी तिरकी केली, दार दिसेल अशी. मांडीवर पर्स, पर्सच्या पट्ट्याचे दोन वेढे मनगटाभोवती. तासाभरात ती पर्स त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही. मी ते टिपून ठेवलं आणि त्याचा अर्थ चुकीचा लावला. त्याबद्दल पुढे सांगते.

"ही पूर्वी अशी नव्हती हो," नवरा म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी घरात टिकायचीच नाही. आता खालच्या गेटपर्यंत जायचं म्हटलं तरी आदल्या रात्रीपासून हिचं पोट बिघडतं."

आधी मी काही साध्या गोष्टी विचारून घेतल्या. झोप कशी आहे, भूक लागते का, कामात लक्ष लागतं का, जगू नये असं कधी वाटतं का. हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना सरळ विचारते. विचारल्यामुळे तसे विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटलेली माणसंच मी जास्त पाहिली आहेत. त्यांना तसं वाटत नव्हतं. वाटत असतं, किंवा झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ पार बिघडलेली असती, तर मी त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. शिवाय त्यांना एकदा कोविड होऊन गेला होता, म्हणून डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. कोविडनंतर काहींना महिनोन्‌महिने थकवा राहतो, थोडं चाललं तरी गळून जायला होतं. अशा माणसाला 'हिंमत करून बाहेर पड' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. यांचे रिपोर्ट नीट आले.

मग त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पहिलं वाक्य बोलताना त्यांचा आवाज उतरला आणि नजर नवऱ्याकडे गेली नाही.

"मॅडम, खरं सांगू? पहिले काही आठवडे मला बरं वाटलं होतं."

प्रवास नाही, धावपळ नाही, कुणाच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या नाहीत. बाहेर माणसं मरताहेत आणि आपल्याला बरं वाटतंय, याची त्यांना इतकी लाज वाटली होती की तीन वर्षांत त्या हे कुणापाशी बोलल्या नव्हत्या. मला हे अनेकांनी सांगितलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाने असंच, गुन्हा कबूल केल्यासारखं. मला वाटतं, त्या काळाबद्दल बोलताना आपण ही बाजू फार दडवली. ज्यांच्या घरात जागा होती, पगार चालू होता, घरात मारहाण नव्हती, त्यांतल्या कित्येकांनी सुरुवातीला सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्यात पाप काही नाही. मी त्यांना तसं म्हटलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली.

ते बरं वाटणं ओसरलं कधी, हे मात्र त्यांना सांगता येईना. दिवसच एकमेकांत मिसळून गेले होते, आज मंगळवार की गुरुवार हे मोबाइल बघितल्याशिवाय कळायचं नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० मध्ये सहाशेहून अधिक लोकांना याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त जण म्हणाले होते की वेळ नेहमीच्या चालीने जात नाही. कुणाचे दिवस पळत होते, कुणाचे सरता सरत नव्हते. यांना आठवत होता तो लॅपटॉपचा पडदा, त्यातली बंद कॅमेऱ्यांची चौकोनं, आणि आपलंही एक बंद चौकोन.

कार्यालय पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांनी आधी सवलत मागितली, मग रजा टाकली, मग घरूनच काम चालू ठेवण्याची विनंती केली. साहेब समजूतदार होते, त्यांनी होकार दिला. बाजारहाट, बँक, औषधं मुलाकडे गेलं. समारंभांना नवरा एकटा जाऊ लागला. कशावरही भांडण झालं नाही, कुणी कुणाला टोकलं नाही. घर सोयीसोयीने आवळत गेलं.

एकदा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, आज जायचंच असं ठरवून त्या तयार झाल्या होत्या. दोन वर्षं कपाटात ठेवलेले काळे बूट घातले. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर उजव्या बुटाचा तळ सुटला. उचलायला गेल्या तर वाळक्या ढेकळासारखा हातात भुगा झाला. अशा बुटांचे तळ बऱ्याचदा पॉलियुरेथेनचे असतात. हवेतली ओल शोषून ते आतल्या आत सुटत जातात आणि वरून बूट नवाच दिसत राहतो. लॉकडाऊननंतर असे बूट कित्येकांच्या पायातून निघाले. पण त्या दिवशी एका पायात बूट आणि ओंजळीत दुसऱ्याचा भुगा, अशा त्या जिन्यात उभ्या होत्या, आणि मनात एकच वाक्य होतं: माझंही असंच झालंय. त्या परत वर गेल्या. पुढे दीड वर्षाहून जास्त काळ त्यांनी कार्यालयाची पायरी चढली नाही.

"बाकी सगळे सावरले, मीच तेवढी राहिले," हे त्या जवळपास प्रत्येक भेटीत म्हणायच्या. नुसतं 'असं काही नाही हो' म्हणून हे वाक्य हलत नाही. त्या हिशेबातल्या, आकड्यांवर त्यांचा विश्वास, म्हणून एक दिवस मी आकडेच पुढे ठेवले. २०२० या एका वर्षात जगभरात तीव्र नैराश्याचे सुमारे ५.३ कोटी आणि चिंताविकारांचे सुमारे ७.६ कोटी रुग्ण नेहमीपेक्षा जास्त होते, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्टोबर २०२१ मध्ये आला होता. दोन्हींत साधारण चतुर्थांश वाढ. पुरुषांपेक्षा बायकांत आणि थोरांपेक्षा तरुणांत जास्त. त्याआधीचं उदाहरण २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीचं. टोरांटोमध्ये विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांची पाहणी झाली. बहुतेकांनी साधारण दहाएक दिवसच वेगळं राहून काढले होते. तरी सुमारे २९ टक्के लोकांत आघातानंतरच्या तणावाची लक्षणं आढळली आणि ३१ टक्क्यांत नैराश्याची. विलगीकरण जितकं लांबलं तितका त्रास जास्त, हेही तिथेच दिसलं.

त्यांनी डायरी काढली आणि आकडे उतरवून घेतले. "दहा दिवसांत?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत राहिल्या. "म्हणजे मी या ७.६ कोटींतली."

एक गोष्ट मी तेव्हाच जोडली, कारण आकड्यांनी दिलासा मिळतो तशी धास्तीही बसते. यातले पुष्कळ लोक आपापल्या बळावर किंवा थोड्या मदतीने सावरले. सुरुवातीच्या महिन्यांत आत्महत्यांची लाट येईल असं सगळीकडे बोललं जात होतं. पण २१ देशांतली माहिती तपासली गेली, तेव्हा त्या पहिल्या महिन्यांत तशी वाढ एकंदरीत दिसली नाही. माणसाचं मन इतकं तकलादू नसतं. काहींच्या बाबतीत ते कुठेतरी अडकतं एवढं खरं, आणि कुठे अडकलं ते शोधावं लागतं.

त्या कशा अडकल्या, ते समजायला गेटचं उदाहरण पुरेल. त्या गेटपर्यंत जातात. छाती धडधडते, तळवे ओले होतात. त्या मागे फिरतात. जिना चढता चढता धडधड थांबते. हे जे थांबणं आहे, ते मेंदूला बक्षिसासारखं वाटतं. मेंदू नोंद करतो की परत फिरलो म्हणून वाचलो. गेटवर खरंच काही होणार होतं का, हे तपासायची वेळच येत नाही. पुढच्या वेळी धडधड गेटच्या आधी, जिन्यातच सुरू होते. नंतर पायात चपला सरकवताना. नंतर आदल्या रात्री.

हे चक्र नेहमीचंच, लॉकडाऊनच्या आधीही समुपदेशकांकडे येणाऱ्या कितीतरी लोकांत दिसायचं. फरक पडतो तो पुढच्या गोष्टीने. इतर वेळी घाबरून घरात बसणाऱ्याला जग बाहेर ओढत असतं. नोकरी ओढते, मित्र ओढतात, नातेवाईक टोचून बोलतात. लॉकडाऊनमध्ये सरकार, डॉक्टर, शेजारी आणि आपला स्वतःचा विवेक, सगळे एकच सांगत होते: आत राहा. दुसऱ्याचा जीव वाचवायचा तर आत राहा. ते तेव्हा बरोबरही होतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, तुमच्यात काही बिघडलेलं नाही. तुम्हाला एक धडा फार नीट शिकवला गेला, तुम्ही तो फार नीट शिकलात, आणि तो पुसायला कुणी आलं नाही.

कारण बंदी आली ती एका दिवसात, वाजतगाजत जाहीर होऊन. उठली मात्र हप्त्याहप्त्याने. मध्येच पुन्हा लागायची. आज हे उघडलं, उद्या ते बंद. वुहानची पहिली बंदी ७६ दिवस चालली, तिला निदान ८ एप्रिल २०२० ही शेवटची तारीख होती. बहुतेकांच्या वाट्याला अशी तारीख आलीच नाही. तीन वर्षांनी एका पत्रकार परिषदेत 'संपलं' असं सांगितलं गेलं, ते या बाईंच्या डोळ्यांनी वाचलं आणि मनाने मानलंही. पण शरीर बातम्या वाचत नाही. त्याला नेऊन दाखवावं लागतं.

कामाला सुरुवात करण्याआधी मी घरच्यांना बोलावलं. मुलगा १७ वर्षांचा. पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा चौदाचा, म्हणजे बरोबरीच्या मुलांशिवाय जेव्हा काही सुचत नाही नेमक्या त्या वयाचा. "आईला त्रास होतो म्हणून बाहेरचं सगळं मीच करतो," तो म्हणाला. "मला काही वाटत नाही." मी विचारलं, तू स्वतःसाठी, फिरायला किंवा मित्रांकडे, शेवटचा कधी गेला होतास? त्याने उत्तर द्यायच्या आधी आईकडे पाहिलं. त्या एका नजरेने बाईंना जेवढं कळलं तेवढं माझ्या महिनाभराच्या बोलण्याने कळलं नसतं.

घरातल्या माणसांच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात, आणि दोन्ही मायेपोटी. एक म्हणजे 'चल गं, काही होत नाही' म्हणून ओढत नेणं. दुसरी, 'राहू दे, मी करतो' म्हणत सगळं अंगावर घेणं. पहिलीत माणूस दुखावतो, दुसरीत तो आणखी आत जातो. मी त्यांना तिसरं वाक्य दिलं: 'मी बरोबर येतो, काम तू कर.' औषधं आणायला दोघांनी जायचं, पण दुकानदाराशी बोलायचं आईने. मुलाने रस्त्याच्या पलीकडे थांबायचं. पुढच्या आठवड्यात गेटपाशी. त्याच्या पुढच्या आठवड्यात घरी.

मग आम्ही जिना केला. जिना म्हणजे भीतीच्या चढत्या क्रमाने मांडलेली यादी. प्रत्येक पायरीला ० ते १०० मध्ये आकडा द्यायचा. अस्वस्थता अशी मोजायची ही पद्धत जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञाची, आणि आजही तितकीच उपयोगी. गेटबाहेर पाच मिनिटं उभं राहणं ४०. बसमध्ये दोन थांबे ६०. गर्दीच्या वेळी रांगेत उभं राहणं ७५. कार्यालय १००.

त्यांनी वहीत खतावणीसारखे दोन रकाने आखले, 'वाटलं' आणि 'घडलं'. बाहेर पडण्याआधी डावीकडे लिहायचं, आल्यावर उजवीकडे. एका दिवसाची नोंद मला अजून आठवते. डावीकडे: 'चक्कर येऊन पडेन, लोक गोळा होतील, खात्री ९० टक्के.' उजवीकडे: 'चक्कर नाही. हात घामेजले. एका मुलाने किती वाजले विचारलं. सांगितले.'

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा होतो. भीती कमी झाली की बाहेर पडू, असं ते ठरवतात आणि वाट बघत बसतात. भीती घेऊनच बाहेर पडायचं असतं. छाती धडधडत असतानाही आपण उभे राहिलो आणि डावीकडे लिहिलेलं घडलं नाही, हे शरीराने अनेकदा अनुभवावं लागतं. दोन-चारदा जाऊन भागत नाही.

आणि कुबड्या ओळखाव्या लागतात. त्या रस्त्याने जाताना मोबाइल कानाला लावून चालायच्या. पलीकडे कुणी नसायचं. कुणी आपल्याशी बोलू नये म्हणून नुसता लावलेला. मास्कबद्दल मी आपणहून काही म्हटलं नाही, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो खरोखरीच लागतो, आणि कुणाला लागतो हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. पण त्यांनीच एकदा सांगितलं, "माझा मास्क जंतूंसाठी नाही हो. चेहरा दिसू नये म्हणून आहे." आधी फोन खाली आला. मास्क तीन आठवड्यांनी उतरला.

ऑगस्टपर्यंत त्या बसने फिरू लागल्या. गर्दीच्या रांगेत उभ्या राहिल्या. एका समारंभाला नवऱ्याबरोबर जाऊन पूर्ण वेळ बसल्या. मी खूश होते. मुलाने पोहायला जायला सुरुवात केली, हे सांगताना त्यांचा गळा भरून आला.

शेवटची पायरी मात्र हलेना. बाकी ठिकाणी चार-पाच खेपांत आकडा उतरायचा, कार्यालयाचा १०० चा १०० राहायचा. मी त्या पायरीच्या आणखी बारीक पायऱ्या केल्या. आधी समोरचा फूटपाथ, मग फाटक, मग खालचा हॉल. त्या सगळं करायच्या, प्रामाणिकपणे लिहून आणायच्या, आणि आकडा तिथेच. यात सहा आठवडे गेले. ते माझ्या चुकीने गेले. भीतीच्या उपायांना आतापर्यंत इतकं यश आलं होतं, की समोर भीतीखेरीज दुसरं काही असेल हे मला सुचलंच नाही.

अखेर एका भेटीत मी वही मिटून बाजूला ठेवली. विचारलं, "तिथे गेल्यावर काय होईल, हे आपण पुष्कळ लिहिलं. तिथे गेल्यावर तुम्हाला काय दिसेल?"

त्या काही बोलल्या नाहीत. मनगटावरचे पट्ट्याचे वेढे सोडवले, पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि एक लहान किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. ड्रॉवरची किल्ली, मागे निळा दोरा बांधलेली.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची मैत्रीण बसायची, अकरा वर्षं. दोघींचा मिळून एक ड्रॉवर होता, किल्ल्या दोन. लॉकडाऊनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी निघताना कुलूप यांनी लावलं होतं. दुसऱ्या वर्षी मैत्रीण कोविडने गेली. रुग्णालयात भेटायची परवानगी नव्हती. अंत्यविधीला अनेक देशांत मोजक्याच माणसांना जाता येत होतं, आणि शेजारी बसणाऱ्या बाईचं नाव अशा यादीत कुठून येणार? त्यांनी तो विधी मोबाइलवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा पडद्यावर रिकामी खोली होती. अर्ध्या तासाने त्यांची ऑनलाइन मीटिंग होती, ती त्यांनी केली. कॅमेरा बंद ठेवून.

मैत्रिणीचा शेवटचा मेसेज त्यांनी मला दाखवला. शुक्रवारी रात्रीचा: 'थोडा ताप आहे. सोमवारी बोलू.'

"मला माहितीये ती गेली," त्या म्हणाल्या. "पण मी घरी असते तोवर ती तिथे बसलेलीच असते. मी गेले की ती नसणार."

गेले तीन महिने मी त्या पर्सला कुबडी समजत होते. घाबरलेली माणसं काहीतरी घट्ट धरून ठेवतात, तसंच हे, असं पहिल्याच दिवशी माझ्या टिपणात लिहिलं होतं.

पॉलिन बॉस या अमेरिकी मानसतज्ज्ञ. १९७० च्या दशकात त्यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला की आहे हेच ठरत नसेल, निरोप घेण्याची जागाच नसेल, तर दुःख पुढे सरकत नाही, असं त्यांनी मांडलं. मी त्याला अधांतरी दुःख म्हणते. इथे मृत्यू झाल्याचं माहीत होतं. पण शेवटचं पाहणं नाही, चार माणसांत बसून रडणं नाही, रोजच्या जागेवर तिची उणीव जाणवणं नाही. लॉकडाऊनने हे अगणित लोकांच्या बाबतीत केलं. ज्यांचं नातं कागदावर नव्हतं, शेजारी, मैत्रिणी, सहकारी, त्यांच्या बाबतीत जास्तच. त्यांना कुणी भेटायलाही आलं नाही, कारण त्यांचं कुणी गेलंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या घरात कुणी असं अडकून पडलं असेल, तर त्याला 'बाहेर का जात नाहीस' हे विचारण्याआधी, त्या दिवसांत त्याचं कोण गेलं, हे एकदा विचारून बघा. घरातलंच माणूस असेल असं नाही.

पुढच्या दोन भेटींत आम्ही जिना काढला नाही. त्या फक्त मैत्रिणीबद्दल बोलत होत्या. ती आकडे मोठ्याने वाचायची. बेरीज चुकली की यांच्या टेबलावर पेन्सिलीने दोनदा टकटक करायची, म्हणजे बघ जरा. तिला जिना आवडायचा, लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं व्हायचं. बोलता बोलता त्या मोठ्याने हसल्या. मी त्यांचं तसं हसणं पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याच ओघात त्या रडल्याही. मध्ये एका संध्याकाळी त्यांनी मैत्रिणीच्या बहिणीला फोन लावला. अडीच वर्षं लावायचा होता. बहीण म्हणाली, तुमच्याबद्दल ती रोज घरी सांगायची, तुमचा फोन येईल असं वाटायचं.

त्यानंतर त्यांनी आपणहून आकडा सांगितला. ७०. मग म्हणाल्या, "सोमवारी जाते."

वार मी सुचवलेला नव्हता.

कार्यालय चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्टची पायरी आम्ही अजून चढलेलो नाही. त्या जिन्याने जातात, आणि मीही आता त्याबद्दल घाई करत नाही. त्या सोमवारी दुपारी मला त्यांचा लांबलचक मेसेज आला. टेबलं तीच आहेत, ड्रॉवर कुणी उघडला नव्हता. आत तिचा वाचायचा चष्मा निघाला, पेन्सिली निघाल्या आणि मार्च २०२० वर थांबलेलं छोटं कॅलेंडर. चष्मा बहिणीला नेऊन द्यायचा आहे. तिच्या खुर्चीवर आता वर्षभरापूर्वी लागलेली एक मुलगी बसते, तेवीस-चोवीसची.

शेवटी लिहिलं होतं: 'ती म्हणाली, मॅडम, माझ्याआधी इथे कोण बसायचं? सांगायला सव्वा तास लागला. तिने कामं बाजूला ठेवून ऐकलं.'